संपादन स्पर्धा: लेख वाढतात, तपासणारे कुठून आणायचे?

शिळोप्या (धागाकर्ता)

मराठी विकिपीडियावर आणखी एका लेखस्पर्धेची हाक आली आहे. तिथल्या चर्चेच्या पानावर, म्हणजे चावडीवर, शुभेच्छांचे संदेशही पडू लागलेत. रंगाचा बेरंग करायची हौस नाही, पण स्पर्धेच्या पानावर कधीच न दिसणारा एक हिशेब इथे मांडतो.

समजा, स्पर्धकाला एक लेख टाकायला तास लागतो. यंत्रानुवाद वापरला तर पाव तास. तोच लेख नीट तपासायचा तर काय काय करावं लागतं? प्रत्येक संदर्भ उघडायचा, त्यात ते वाक्य खरंच आहे का बघायचं, मजकूर कुठून उचललाय का हे शोधायचं, वर्ग लावायचे, आणि त्याच माणसावर वेगळ्या शुद्धलेखनात लेख आधीच आहे का तेही पाहायचं. मराठीत उचलेगिरी पकडणं इंग्रजीपेक्षा अवघड आहे. आपली निम्मी पुस्तकं जालावर नाहीत, आणि ज्या जुन्या पीडीएफ आहेत त्या श्रीलिपीसारख्या, युनिकोड नसलेल्या फॉण्टातल्या, म्हणजे शोधयंत्राला आंधळ्या. परिच्छेदच्या परिच्छेद छापील ग्रंथातून आलाय हे भाषेच्या वळणावरून कळतं, पण दाखवायला पुरावा नसतो. इंग्रजी लेखाचा कच्चा अनुवाद तर नक्कल शोधणाऱ्या साधनाला दिसतच नाही.

म्हणजे लिहायला पाव तास, तपासायला दोन तास. लिहिणारे महिनाभर पन्नास येवोत की शंभर, तपासणारे बारा महिने तेच चार-सहा जण. पंगत त्यांची, खरकटी आमची.

हे काही आजचं नाही. २०११ मध्ये विकिमीडिया फाउंडेशनने पुण्यातल्या काही महाविद्यालयांत 'इंडिया एज्युकेशन प्रोग्राम' नावाचा प्रायोगिक उपक्रम चालवला. अभ्यासक्रमाचा भाग म्हणून विद्यार्थ्यांनी इंग्रजी विकिपीडियावर लेख लिहायचे होते. शेकडो नवी मुलं एकदम आली आणि पुस्तकांतले, संकेतस्थळांवरचे उतारे जसेच्या तसे लेखांत उतरले. ते उपसायला जगभरचे स्वयंसेवक बसले. त्यांना हा उपक्रम हवा आहे का, असं कुणी आधी विचारलेलंही नव्हतं. वर्षअखेरीस सगळं थांबवावं लागलं. तिथे बक्षीस नव्हतं, परीक्षेतले गुण होते, पण गत तीच. आणि इंग्रजी विकिपीडियाकडे निदान हजारोंनी सक्रिय संपादक होते. आपल्याकडचे प्रचालक बोटांवर मोजण्याइतके.

माझं म्हणणं एवढंच: जिथे काम करण्यापेक्षा ते तपासणं स्वस्त आहे तिथे स्पर्धा खुशाल घ्या. जिथे उलट आहे, तिथे स्पर्धा म्हणजे दुसऱ्याच्या नावावर काढलेली उधारी. मतं सांगा. 'नवीन लोक येतात हो' हे उत्तर माहीत आहे, त्यापुढचं सांगा.


खलबत्ता

बूड टेकले आहे. पाहतो कुठवर जातं ते.


रानजाई

'नवीन लोक येतात हो' यातली मी एक, त्यामुळे मला बोलायलाच हवं.

मी आले ती ८ मार्चच्या सुमारास होणाऱ्या महिला संपादनेथॉनमधून. तेव्हा 'संपादन सारांश' काय, 'धूळपाटी' काय, काही माहीत नव्हतं. एका खोलीत पंधरा-वीस बायका, प्रत्येकीसमोर लॅपटॉप किंवा नुसता फोन, आणि खांद्यामागे उभी राहून शिकवणारी एक जुनी संपादिका. मी टिकले ती त्या बाईमुळे. तिने पहिल्याच दिवशी निरीक्षणसूची कशी वापरायची ते दाखवलं, त्यामुळे आपण लिहिलेल्या लेखाचं पुढे काय होतं हे बघायची सवय लागली.

तिथे क्रमांक नव्हता, बक्षीस नव्हतं. पुढे मी फेब्रुवारी-मार्चातल्या 'फेमिनिझम अँड फोकलोर' स्पर्धेतही लिहिलं, आणि तिथला अनुभव वेगळा होता. रात्री अकरा वाजता 'अजून एक लेख बसतोय का' असा विचार सुरू होतो. मी स्वतः लोकदैवतांवर लिहीत होते, विषय आवडीचा, घरात पुस्तकं होती, तरी लेख तीनशे शब्दांवर आला की हात थांबायचा. पुढचं माहीत नव्हतं म्हणून नव्हे, पुढच्याला गुण नव्हते म्हणून.

तेव्हा शिळोप्या, तुमचं अर्धं पटलं. पण संपादनेथॉन आणि स्पर्धा एकाच पोत्यात घालू नका. आणि बायकांचे चरित्रलेख आजही इतके कमी आहेत की निमित्त काढल्याशिवाय ते कुणी लिहीत नाही, हेही खरं आहे ना?


सेमीकोलन

आमच्या सॉफ्टवेअरच्या दुनियेत याचा भव्य प्रयोग होऊन गेलाय. हॅक्टोबरफेस्ट. ऑक्टोबर महिन्यात मुक्तस्रोत प्रकल्पांना चार पुल रिक्वेस्ट (बदलाचे प्रस्ताव) पाठवा आणि टी-शर्ट मिळवा, अशी तेव्हा योजना होती. २०२० साली पहिल्या ७० हजार जणांना टी-शर्ट किंवा त्याऐवजी झाड लावण्याचा पर्याय होता. आपल्याच देशातल्या एका यूट्यूबरने 'बघा किती सोपं आहे' म्हणून व्हिडिओ काढला आणि मग रीडमी, म्हणजे प्रकल्पाची ओळख देणाऱ्या फाइलच्या शीर्षकापुढे 'अमेझिंग प्रोजेक्ट' एवढे दोन शब्द जोडलेल्या रिक्वेस्टचा पाऊस. प्रकल्प सांभाळणारे लोक नोकरी करून रात्री हे काम करतात. त्यांचा ऑक्टोबरचा पहिला आठवडा नुसता 'नको, नको' म्हणण्यात गेला.

मला त्यातला उपाय जास्त महत्त्वाचा वाटतो. दोन-तीन दिवसांत आयोजकांनी नियम फिरवला: ज्या प्रकल्पाने आपणहून 'आम्ही यात आहोत' अशी खूण लावलीय, तिथलंच काम धरलं जाईल. म्हणजे ज्यांच्या दारात गर्दी होणार, त्यांची परवानगी आधी. आपल्याकडे स्पर्धा ठरते मेटाविकीवर (सगळ्या विकींच्या समन्वयाच्या स्थळावर), कुठल्यातरी संस्थेच्या बैठकीत, आणि मराठीवर नवे बदल तपासत गस्त घालणाऱ्यांना कळते ती 'अलीकडील बदल' भरून वाहायला लागल्यावर.


तांबडी माती

शिळोप्या, दोष सगळा स्पर्धांच्या माथी नको मारायला राव. आमच्या कोल्हापूरच्या भाषेत सांगायचं तर म्हैस आजारी आहे आणि तुम्ही दावं बदलताय.

गावांचे लेख बघा की. '... हे महाराष्ट्र राज्याच्या ... जिल्ह्यातील ... तालुक्यातील एक गाव आहे.' खाली हवामान, लोकजीवन, प्रेक्षणीय स्थळे, नागरी सुविधा, जवळपासची गावे अशी मथळ्यांची रांग, आणि प्रत्येकाखाली मोकळं रान. असे हजारोंनी लेख आहेत. कुठल्या स्पर्धेनं आणले? एकाही नाही. आपल्याच जुन्या मंडळींनी आणले, कारण 'तमुक भाषेचे एवढे लेख झाले, आपले का नाहीत' हा किडा. आकड्याची हाव स्पर्धेआधीपासून आहे. स्पर्धेनं फक्त तिला तारीख दिली.


शिळोप्या

@तांबडी माती, दावं-म्हैस एकदम कबूल. पण त्या लेखांत निदान खोटं काही नाही. रिकामं आहे. यंत्रानुवादातून आलेल्या चरित्रात 'तिने तिच्या पालकांना एका कार अपघातात हरवले' असं वाचलं की रिकामं परवडलं म्हणतो.

@रानजाई, संपादनेथॉनचा फरक मान्य. तिथे तपासणारी बाई खोलीतच हजर होती, म्हणून ते जमलं.


जुनी पानं

मी विकिस्रोतवर असते, विकिपीडियावर क्वचित. धाग्यातली कसोटी आमच्याकडे लावून बघते, कारण आमच्याकडे स्पर्धा बऱ्यापैकी चालतात आणि का चालतात याचं उत्तर त्या कसोटीत आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: प्रताधिकार संपलेल्या पुस्तकाचं स्कॅन केलेलं पान उजवीकडे, ओसीआरने (चित्रातली अक्षरं वाचणाऱ्या साधनाने) काढलेला मजकूर डावीकडे. तुम्ही दोन्ही ताडून चुका काढायच्या. झालं की पानाचा रंग लाल होता तो पिवळा होतो. मग दुसऱ्या कुणीतरी, आणि ते दुसरंच कुणी असावं लागतं, तेच पान पुन्हा वाचून प्रमाणित केलं की हिरवं. मूळ पान डोळ्यांसमोर असल्यामुळे वाद घालायला जागा नाही. संदर्भ शोधायचा नाही, विषय लेखाएवढा मोठा आहे का (उल्लेखनीयता) ते ठरवायचं नाही. नवखा माणूस पहिल्या दिवशी उपयोगाचं काम करू शकतो. २०२० आणि २०२१ मध्ये भारतीय भाषांच्या विकिस्रोतांची मिळून 'प्रूफरीडथॉन' झाली, त्यात ज्या भाषांनी मनावर घेतलं त्यांची पुस्तकंच्या पुस्तकं मार्गी लागली.

आता रडगाणं. स्पर्धा म्हटली की तिथेही पळवाट निघते. एकाने पिवळं करायचं, त्याच्याच मित्राने मिनिटाभरात हिरवं. एकामागून एक पानं किती वेळाने जतन झाली ते योगदानांच्या यादीत दिसतं, त्यावरून कळतं की वाचलेलंच नाही. जुन्या गद्याचं दाट पान चाळीस सेकंदांत कोण वाचतं?

दुसरी गंमत शुद्धलेखनाची. १९६२ च्या नियमांआधीच्या पुस्तकांत 'नाहीं', 'कां', 'घरांत' असे अनुस्वार असतात. ते तसेच ठेवायचे, कारण आपण पुस्तकाची प्रत करतोय, त्याला सुधारत नाही. उत्साही स्पर्धक 'चुका दुरुस्त' म्हणून सगळे अनुस्वार पुसून टाकतात. ओसीआरही कधी खातं, कधी नको तिथे टिंब देतं, त्यामुळे कुठलं टिंब यंत्राने खाल्लं आणि कुठलं माणसाने पुसलं हे शोधायला पुन्हा स्कॅनकडे जावं लागतं. एका पुस्तकात असं झालं की ते पुस्तक परत लाल समजून पहिल्यापासून करावं लागतं, आणि त्या कामाला कोणी स्पर्धा लावत नाही.

आणि गुणांची वाटणी! पहिल्या वाचनाला जास्त गुण, दुसऱ्याला कमी. साहजिकच सगळे पहिल्यावर तुटून पडतात, पिवळी पानं ढिगाने साठतात. काम कुठे अडलंय ते बघून गुण ठेवायला हवेत. जिथे अडलंय तिथे जास्त.


खलबत्ता

शेवटचं वाक्य चावडीच्या वर टांगून ठेवा कुणीतरी. +१


मांडवी

गोव्याहून. मी कोंकणी विकिपीडियावर थोडं काम करतो, मराठीवर वाचक.

आमचा विकी इनक्युबेटरमधून (नव्या भाषांचे विकी आधी जिथे चाचणीला असतात तिथून) २०१५ ला बाहेर पडला. एकाच विकीवर देवनागरी, रोमी आणि कन्नड अशा तीन लिप्या. आता स्पर्धा घ्यायची म्हटली तर परीक्षक तिन्ही लिप्या वाचणारा पाहिजे, किंवा तीन परीक्षक पाहिजेत. लिहिणारेच मुळात मोजके, त्यांतले तीन परीक्षक झाले तर स्पर्धेत उतरणार कोण? मोठ्या भाषेसाठी बनवलेला नियमांचा साचा छोट्या विकीला तसाच चिकटवला की असं होतं.

'जुनी पानं' यांचं म्हणणं आमच्याकडेही खरं ठरलंय. गोवा विद्यापीठाचा चार खंडांचा कोंकणी विश्वकोश २०१३ ला मुक्त परवान्याखाली आला. तो टंकायच्या कामात विद्यार्थ्यांचे हात लागले. समोर छापील पान, त्यावरून टंकायचं. असं काम विद्यार्थ्यांना देता येतं. 'अमुक विषयावर लेख लिहून आण' म्हटलं असतं तर पुण्याचीच कथा झाली असती.


उंबरठा

सगळं वाचलं. थोडा वेगळा सूर लावतो, राग नसावा.

इथे बोलणारे बहुतेक जण घरचं खाऊन विकी सांभाळणारे आहेत, आदर आहे. पण घरी लॅपटॉप नसलेल्या, तालुक्याच्या गावी बसून फोनवर लिहिणाऱ्या पोराने काय करावं? भारतीय भाषांतल्या विकिपीडियांसाठी झालेल्या २०१८ च्या 'प्रोजेक्ट टायगर'ची तुम्ही टिंगल करता, पण त्यात लेखस्पर्धेच्या आधी सक्रिय संपादकांना लॅपटॉप आणि इंटरनेटचा खर्च मिळाला होता. गूगलची मदत होती म्हणून नाकं मुरडणारे होते, पण ज्याला लॅपटॉप मिळाला त्याला विचारा. त्या स्पर्धेत पहिल्या वर्षी पंजाबी आणि २०१९-२० च्या दुसऱ्या फेरीत तामिळ पुढे राहिले. पंजाबी आपल्याहून लहान विकी. त्यांनी एकत्र बसून, विषय वाटून घेऊन काम केलं. आपण तोवर चावडीवर निकषांवर वाद घालत होतो.

स्वयंसेवा म्हणजे फुकट असलीच पाहिजे, आणि बक्षीस म्हटलं की माणूस भ्रष्ट झालाच, हे मला पोट भरलेल्यांचं तत्त्वज्ञान वाटतं.


सेमीकोलन

@उंबरठा, टिंगल कुणी केली? वर प्रोजेक्ट टायगरचं नावही नव्हतं, तुम्हीच काढलंत.

पण मुद्दा चांगला आहे. लॅपटॉप दिला गेला तो आधीपासून काम करणाऱ्याला, पुढेही काम करता यावं म्हणून. ते बक्षीस नव्हतं, अवजार होतं. दरमहा सर्वाधिक लेखांना व्हाउचर हे मात्र बक्षीस. मला पहिल्याबद्दल काहीच अडचण नाही. दुसऱ्यामुळे माणूस लेख मोजायला लागतो.


शिळोप्या

@उंबरठा, राग कसला. पोट भरलेल्यांचं तत्त्वज्ञान हा टोमणा लागला, आणि तो थोडा बरोबरही आहे. तरी सांगतो, पंजाबीचं यश मला माझ्याच बाजूचं वाटतं. जिंकणाऱ्या भाषासमूहाला मिळून प्रशिक्षण मिळणार होतं. बक्षीस सगळ्यांचं असलं की शेजाऱ्याचा वाईट लेख दुरुस्त करण्यात आपलाही फायदा असतो. वैयक्तिक क्रमवारीत शेजाऱ्याचा लेख बाद झाला तर आपण वर चढतो.

याच कारणाने मला विकिपीडियाचा आशियाई महिना ही लेखस्पर्धा बरी वाटते. २०१५ पासून दर नोव्हेंबरात. ठरावीक चार-पाच लेख नीट केले की आशियातल्या दुसऱ्या एखाद्या देशातून पोस्टकार्ड येतं. सर्वाधिक लेखांचा एक किताब आहे खरा, पण बहुतेकांची धाव पोस्टकार्डापर्यंत. ठरलेले लेख झाले की हाव संपते. बक्षीस इतकं छोटं की त्यासाठी खोटं करायला कुणी बसत नाही.

त्याचा निकष मात्र गमतीचा: किमान ३००० बाइट आणि ३०० शब्द. युनिकोडात देवनागरीचं एकेक अक्षरचिन्ह तीन बाइट खातं, काना-वेलांटीसुद्धा वेगळी मोजली जाते. 'मराठी' हा शब्द १५ बाइटांचा. त्यामुळे बाइटची अट आपल्याला हजारेक चिन्हांत पुरी होते. खरी अट शब्दांची. आणि आता चॅटबॉट तीनशे शब्द दहा सेकंदांत देतो, तेव्हा तीही गेली. इंग्रजी विकिपीडियाला २०२५ मध्ये न तपासलेल्या यंत्रलिखित लेखांसाठी त्वरित वगळण्याचा वेगळा निकष करावा लागला, तो उगाच नाही.


घाटवाट

किल्ले हिंडतो, फोटो काढतो. विकी लव्हज मॉन्युमेंट्समुळे कॉमन्सवर, म्हणजे विकीच्या छायाचित्रांच्या भांडारात आलो. वास्तूंच्या फोटोंची, २०१० ला नेदरलँड्समध्ये सुरू झालेली स्पर्धा, २०११ ला १,६८,२०८ छायाचित्रांसह गिनीज बुकात, २०१२ ला भारतही उतरला. फोटोच्या स्पर्धेत हा तुमचा खर्चाचा प्रश्न मला दिसत नाही. वाईट फोटो कॉमन्सवर पडून राहिला तर कोणाचं काय जातं? चुकीचं नाव लावलेला असेल तर मात्र पंचाईत, राजगडाच्या नावावर तोरणा असे नमुने पाहिलेत.

डोकेदुखी होते ती तेच फोटो लेखांत घुसवण्याची स्पर्धा लावली की. 'पेजेस वाँटिंग फोटोज' नावाची जुलै-ऑगस्टमधली मोहीम आहे, तिच्यात इंग्रजी विकिपीडियावर नको त्या लेखात नको ते चित्र डकवल्याच्या इतक्या तक्रारी झाल्या की बस.

ओपनस्ट्रीटमॅपवरही (सगळ्यांनी मिळून बनवलेल्या मुक्त नकाशावर) थोडी पायवाटांची भर घालतो. तिथल्या मॅपेथॉनची पद्धत बघण्यासारखी आहे. नकाशाचे चौकोन पाडतात, एकाने एक चौकोन घ्यायचा, पूर्ण झाला की दुसरा अनुभवी माणूस तो तपासून 'वैध' करतो किंवा परत पाठवतो. २०१५ च्या नेपाळ भूकंपात हजारो लोकांनी असं काम केलं. तपासणी त्या यंत्रणेतच आहे, कुणाच्या चांगुलपणावर सोडलेली नाही.

अवांतर: पोकेमॉन गो खेळणाऱ्यांना कळलं की खेळाचा नकाशा ओपनस्ट्रीटमॅपवरून घेतलाय, तेव्हा काहींनी आपल्या घराजवळ खोट्या बागा काढल्या, पोकेमॉन यावेत म्हणून. बक्षीस दुसऱ्याच दुकानात होतं, कचरा आमच्या अंगणात.


तांबडी माती

खोटी बाग! हे आमच्या नगरपालिकेला कळू देऊ नका.


फळा-खडू

महाविद्यालयात शिकवते. मराठी भाषा पंधरवड्यात 'विकिपीडियावर काहीतरी घ्या' असं वरून येतं. बहुतेकदा ते 'काहीतरी' म्हणजे लेखस्पर्धा, कारण अहवालात 'इतके लेख झाले' असं लिहिता येतं. शिक्षकाच्या बाजूने हेही समजून घ्या की आम्हाला आकडा द्यावाच लागतो.

मी गेल्या वर्षी वर्गात वेगळं केलं. नवा लेख लिहायला बंदी. प्रत्येकाने आपल्या गावाच्या किंवा तालुक्याच्या आधीच असलेल्या लेखातली 'संदर्भ हवा' लागलेली वाक्यं शोधायची, ग्रंथालयात जाऊन जिल्हा गॅझेटियर किंवा दुसरं विश्वसनीय पुस्तक उघडायचं, संदर्भ सापडला तर पृष्ठ क्रमांकासह द्यायचा, नाही सापडला तर चर्चापानावर तसं लिहायचं. पुस्तकाच्या त्या पानाचा फोटो मला दाखवायचा. तपासायला मला प्रत्येकी दोन मिनिटं लागली. अहवालात आकडाही गेला, 'लेख' ऐवजी 'संदर्भ' एवढंच.

पोरं कुरकुरली, आपल्या नावाचा लेख मिळत नाही म्हणून. तेवढं चालायचं.


जुनी पानं

@फळा-खडू, तुमच्या कामाची पद्धत लिहून कुठे ठेवली आहे का? नसेल तर इथेच टाका. आणि ज्यांना संदर्भ सापडला नाही त्यांनाही गुण दिले होते का?


फळा-खडू

हो, सारखेच. नाहीतर पोरं काहीतरी संदर्भ चिकटवून आणतात. पद्धत टंकून टाकते रविवारी.


रानजाई

हेच स्पर्धेत का नको? इंग्रजी विकिपीडियावरच्या विकिकप स्पर्धेत नुसत्या नव्या लेखाला नाही, दुसऱ्यांनी परीक्षण करून मान्य केलेल्या लेखाला गुण असतात. शिवाय तिथे साठलेलं परीक्षणाचं काम उपसायच्या वेगळ्या मोहिमा निघतात, ज्यात तपासण्याबद्दल बार्नस्टार (शाबासकीची पदकं) मिळतात. आपल्याकडे तपासणाऱ्याला कधी बार्नस्टार मिळालेला मी तरी पाहिला नाही.


उंबरठा

यावर माझंही मत जुळतं. बक्षीस ठेवा, पण संदर्भाला ठेवा. आणि फोनवरून संदर्भ द्यायला त्रास होतो, त्यासाठी एखादा सोपा साचा लागेल.


शिळोप्या

चावडीवर उद्या टाकतोय तो मसुदा. काही राहिलं असेल तर सांगा.

येऊ घातलेल्या स्पर्धेला विरोध नाही, तीन अटी आहेत. स्पर्धा जाहीर करण्याआधी किमान तीन गस्त घालणाऱ्यांनी 'आम्ही वेळ देतो' असं नावानिशी लिहावं, नसेल तर तारीख पुढे. फाउंटनवर (स्पर्धेचे लेख नोंदवायच्या आणि तपासायच्या साधनावर) एका स्पर्धकाचे एका वेळी दोनच लेख तपासणीला राहतील, ते निकाली लागल्याशिवाय तिसरा देता येणार नाही (ही पद्धत घाटवाट यांच्या चौकोनांवरून सुचली). आणि 'संदर्भ हवा' असलेल्या जुन्या लेखातलं एक वाक्य पुस्तकाच्या पृष्ठासह पक्कं केलं, तर त्याला नव्या लेखाच्या निम्मे गुण.


तांबडी माती

निम्मे नको, सारखे ठेवा. निम्मे ठेवलेत तर कोण ग्रंथालयात जातंय उन्हात?


शिळोप्या

एका वाक्याला अख्ख्या लेखाएवढे गुण दिले तर लोक लेखातलं एकेक वाक्य सुटं करून आणतील.


फळा-खडू

एका लेखातल्या सगळ्या 'संदर्भ हवा' खुणा निकाली काढल्या तर पूर्ण गुण, असं करा. सापडला नाही हेही निकालीच धरा, मात्र कुठली पुस्तकं पाहिली ते चर्चापानावर हवं.


शिळोप्या

हे घेतो. परीक्षकांच्या यादीत नावं द्या आता. माझं पहिलं, सातारा आणि सोलापूरकडचे लेख माझ्याकडे.


घाटवाट

पुणे, रायगडचे किल्ले मी बघेन. लेखस्पर्धेत स्वतः उतरणार नाही.


मांडवी

सिंधुदुर्गाचं मला द्या, पण मे महिन्यात मी नाही.